दाखल झालेली मुले कुठे गळतात?

(फरीदाबाद येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गात वेतन, पेन्शन, रिक्त पदे हे विषय झाले. माझ्याकडे आलेला विषय कम्युनिटी कॉलेज आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न असा आहे. सभागृहात थोडी चुळबूळ झाली ती मी पाहिली. हा प्रोफेसर मंडळींचा विषय आहे, युनियनने यात का पडावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण मघाशी चहाच्या वेळी तुम्ही आपसात काय बोलत होतात? मुलगा बारावी झाला, आता पुढे काय, हेच ना? तेव्हा विषय तुमचाच आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या मंडळींना फरीदाबाद हे पंजाब मेलच्या किंवा झेलमच्या खिडकीतून दिसणारे, दिल्ली जवळ आली म्हणून सामान आवरायला लावणारे स्टेशन. झाशी विभाग २००३ साली उत्तर मध्य रेल्वेत गेला. त्याआधी तो मध्य रेल्वेचा होता आणि आपली कितीतरी माणसे बदलीवर या मार्गावर नोकरी करून गेली. काही इथेच राहिली. पण या गावाची एक गोष्ट त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते आणि आजच्या विषयाचे मूळ तिच्यात आहे.

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ साली इथे नवे गाव वसवायचे ठरले. त्यासाठी फरीदाबाद विकास मंडळ नेमले गेले. डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष होते आणि पंडित नेहरू स्वतः बैठकांना येऊन बसत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला की घरे कंत्राटदाराकडून बांधून घ्यायची नाहीत, निर्वासितांच्याच श्रमिक सहकारी संस्थांनी ती बांधायची. ज्यांनी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती असे दुकानदार आणि शेतकरी गवंडीकाम शिकले. आणि मुलांच्या शिक्षणासाठी माणसे आली ती आपल्या वर्धा जिल्ह्यातून, सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघातून. कामातून शिक्षण द्यायची नई तालीमची पद्धत त्यांनी इथे आणली. पुढे काही वर्षांतच मंडळाचे काम सरकारी खात्यांकडे गेले, सहकारी संस्था मोडल्या आणि गाव इतर कारखानी गावांसारखे झाले. एल. सी. जैन यांनी ही सगळी हकीकत १९९८ साली पुस्तकरूपाने लिहिली आहे. युनियनच्या वाचनालयात ते असावे असे मला वाटते.

१९६९ साली इथेच वाय.एम.सी.ए.ची अभियांत्रिकी संस्था भारत आणि जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिली. वर्कशॉपमध्ये हात काळे केल्याशिवाय इंजिनियर होत नाही, या जर्मन शिस्तीवर ती चालली. २००९ साली तिचे राज्य विद्यापीठ झाले आणि २०१८ पासून ते जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच विद्यापीठात कौशल्य विकासाचे कम्युनिटी कॉलेजही काढले गेले. पलीकडे पलवल जिल्ह्यात दुधोला इथे श्री विश्वकर्मा कौशल्य विद्यापीठ आहे. त्याचा कायदा २०१६ चा. म्हणजे पाटी लावलेली दारे या भागात कमी नाहीत. दार उघडे असूनही आपल्या वर्गातला मुलगा आत शेवटपर्यंत का टिकत नाही, यावर मला बोलायचे आहे.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ही कल्पना अमेरिकेतली. शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ साली पहिले सार्वजनिक कॉलेज या धर्तीवर निघाले. घराजवळ, कमी फीमध्ये, कुणालाही प्रवेश आणि स्थानिक उद्योगाला लागणारे शिक्षण, असा त्याचा ढाचा. आपल्याकडे पाँडिचेरीला १९९५ मध्ये आणि मद्रासला १९९६ मध्ये हा प्रयोग झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून देशभर योजना आणली. तिचा हिशोब क्रेडिटचा आहे. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र ३० क्रेडिटचे, एक वर्षाचा डिप्लोमा ६० चा, दोन वर्षांचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा १२० चा आणि तीन वर्षे पुरी केली तर १८० क्रेडिटची बी.व्होक. पदवी. यात शंभरातले साठ भाग हाताचे कौशल्य आणि चाळीस भाग सामान्य शिक्षण. मुलाला मध्येच थांबावे लागले तरी तोवरचे प्रमाणपत्र हातात पडते आणि पुढे परत येता येते.

कागदावर ही योजना चांगली आहे हे मी मोकळेपणाने सांगतो. आपल्या कामगार चळवळीची ही जुनीच मागणी होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. आयटकचे संस्थापक ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला दुसरी वेळच नव्हती. बाबासाहेबांनी अभ्यासक्रमाआधी घड्याळाकडे पाहिले, ही गोष्ट आज वेळापत्रक आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी.

समजा, बल्लभगडच्या ट्रॅकमनचा मुलगा आहे. बारावीला पन्नास टक्के मिळाले. कम्युनिटी कॉलेजमध्ये एअर कंडिशनिंगच्या कोर्सला नाव घातले. वर्ग सकाळी दहा ते चार. घरात बाप नाईट पेट्रोलिंगवर, आईला गुडघेदुखी, म्हणून मुलगा संध्याकाळी एका गोदामात पॅकिंगचे काम धरतो. महिन्याभरात गोदामवाला म्हणतो, दुपारी दोनपासून ये, पैसे वाढवतो. मुलाचे दोन तास बुडू लागतात. त्याच सुमारास वर्कशॉपमध्ये व्हर्निअर कॅलिपर हातात येतो. त्याचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर. मुलाला दशांश अपूर्णांक सातवीपासून नीट आलेला नाही. शिक्षक इंग्रजीतून सांगून पुढे जातात. विचारायची लाज वाटते. एक चाचणी हुकते, मग दुसरी. दिवाळीनंतर तो येत नाही. रजिस्टरमध्ये शेरा पडतो, ‘अनुपस्थित’. कॉलेजच्या अहवालात मात्र प्रवेशाचा आकडा पूर्ण दिसतो, कारण अहवाल प्रवेशाच्या दिवशीच्या आकड्यावर लिहिले जातात.

या मुलाला कोणी नापास केलेले नाही. त्याला कुणी हाकललेले नाही. तरी तो गेला. बापाला कळते तेव्हा बाप म्हणतो, पोराचे लक्षच नाही.

आता याला उपाय काय? न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतही या कॉलेजांमधून फार मोठी गळती होती आणि आहे. त्यांनी केले काय? फीमधली तूट भरली. पुस्तके दिली. शहरातल्या मेट्रोचा आणि बसचा पास फुकट दिला. गणितात किंवा भाषेत कच्च्या असलेल्यांचे तयारीचे वर्ग सुरुवातीलाच उरकण्यावर भर दिला. वर्गांच्या वेळा एकत्र बांधून दिल्या म्हणजे मुलाला बाकीच्या वेळात नोकरी करता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार नेमून दिला. त्याला ठरावीक वेळी भेटणे सक्तीचे. इतर विद्यार्थ्यांच्या वाट्याला एका सल्लागारामागे सहाशे ते पंधराशे मुले येत होती. या कार्यक्रमात एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी.

मग त्याची तपासणी झाली, तीही काटेकोर. तीन कॉलेजांतले जवळपास नऊशे विद्यार्थी घेतले. सगळे गरीब घरचे आणि एखाददुसऱ्या विषयात कच्चे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना कार्यक्रमात घेतले, निम्म्यांना नेहमीप्रमाणे शिकू दिले. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले शंभरातले बावीस उत्तीर्ण होऊन बाहेर पडले होते, कार्यक्रमातले चाळीस. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे साठ टक्क्यांनी वाढला, पण एक विद्यार्थी पूर्ण शिकून बाहेर पडायला जो खर्च येतो तो कमी झाला. हे आकडे पाठ करून ठेवा. कुणी प्राचार्य किंवा सचिव म्हणाला की विद्यार्थी साहाय्य ही चैन आहे, तर त्याच्यापुढे ठेवायला उपयोगी पडतील.

आपल्याकडे असे काही नाही असे समजू नका. मुंबईत ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते. संध्याकाळचा खाऊ, पुस्तके आणि विज्ञानाचे फिरते प्रयोगसाहित्य यावर तिने भर दिला. दिवसभर राबून आलेले पोर उपाशी पोटी भूमिती शिकत नाही, इतकी साधी गोष्ट ओळखायला मोठा आयोग लागत नाही.

फरीदाबादपुरते बोलायचे तर रेल्वेच्या माणसांना सांगायला नको की पलवलहून आणि कोसी कलांहून येणारी मुले कशी येतात. ई.एम.यू.ने. रेल्वे विद्यार्थिनींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. कम्युनिटी कॉलेजची मुलगी या सवलतीत बसते की नाही, हे कॉलेजच्या बोनाफाईड दाखल्याच्या शब्दांवर आणि बुकिंग क्लार्कच्या समजुतीवर अवलंबून राहू नये. आपलेच भाऊ त्या खिडकीमागे बसलेले असतात. बारावी झालेल्या मुलांना ही सवलत नाही, आणि कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मुळात बारावीनंतरचा. तेव्हा मुलांपुरता हा पास वाढवून मागणे भाग आहे.

असाच पेच शिक्षण भत्त्याचा आहे. आपल्याला दोन अपत्यांसाठी जो भत्ता मिळतो तो बारावीपर्यंत. दहावीनंतर पॉलिटेक्निकला किंवा आय.टी.आय.ला गेलेल्या मुलाची पहिली दोन वर्षे त्यात धरतात, अकरावी-बारावीचा भत्ता घेतला नसेल तर. बारावी करून कम्युनिटी कॉलेजला गेलेला मुलगा मात्र त्यातून सुटतो. रेल्वेत स्टाफ बेनिफिट फंडातून तांत्रिक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्या समितीवर युनियनचे प्रतिनिधी बसतात. तिथे हा विषय उद्याच्या बैठकीत मांडता येईल. दिल्लीपर्यंत जायची गरज नाही.

पण भत्ता आणि पास मिळाला, मुलगा टिकला, डिप्लोमा हातात आला, तर पुढे काय? इथे मला जरा कडक बोलावे लागेल, कारण हा दोष आपल्याच खात्यांच्या दारात आहे.

रेल्वे भरती मंडळाची जाहिरात उघडा. सहायक लोको पायलटसाठी दहावीसोबत ठरावीक ट्रेडचा आय.टी.आय. किंवा अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमा मागतात. २०१९ च्या लेव्हल एकच्या भरतीत दहावी, आय.टी.आय. किंवा राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र अशी भाषा होती. कम्युनिटी कॉलेजच्या एक वर्षाच्या व्होकेशनल डिप्लोमाचे नाव त्या ओळीत नाही. म्हणजे सरकारचा एक हात प्रमाणपत्र देतो आणि दुसरा हात ते ओळखत नाही. बी.व्होक.ला इतर पदव्यांच्या बरोबरीने धरावे असे अनुदान आयोगाने सांगितले आहे. मधल्या पायऱ्यांचे काय? सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बाहेर पडायची सोय ज्याच्यासाठी केली, तोच गरीब मुलगा. आणि नेमक्या त्याच पायरीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही.

२० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. रेल्वेच्या कारखान्यांत अप्रेंटिसशिप पुरी केलेली मुले माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रुळांवर बसली आणि लोकल बंद पडल्या. त्यांच्यासाठी वीस टक्के जागा होत्या, पण त्यांची मागणी थेट सामावून घेण्याची होती. त्या आंदोलनाविषयी मते निरनिराळी असतील. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की शिक्षणाच्या शेवटी काय मिळणार हे सुरुवातीलाच लिहून दिलेले नसले की त्याचा हिशोब पुढे रुळांवर होतो. म्हणून आपली मागणी अशी असावी, की कम्युनिटी कॉलेजने कोर्स सुरू करण्याआधी, त्या प्रमाणपत्रावर कोणत्या पदाला अर्ज करता येतो आणि कोणत्या पदाला करता येत नाही, हे माहितीपत्रकात मराठी, हिंदी जी कळेल त्या भाषेत छापावे. दुसऱ्या बाजूने आपल्या महासंघाने भरती नियमांत या पायऱ्यांचे स्थान मागावे. रेल्वेत जागाच कमी भरल्या जात आहेत, मग मान्यता मिळून उपयोग काय, असे कुणी म्हणेल. जागा भरण्याचा लढा चालूच आहे. तो जिंकू त्या दिवशी आपली मुले अपात्र ठरू नयेत.

शिक्षकांविषयी. बहुतेक ठिकाणी या कोर्सचे शिक्षक कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर असतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नाही, तो दिवाळीला गायब झालेल्या मुलाच्या घरी कशाला जाईल? त्याला आपण दोष देऊ शकत नाही. सल्लागार नेमायचा तर तो कायम माणूस हवा. कंत्राटीकरणाविरुद्धचा आपला लढा आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न इथे एकत्र येतात, आणि म्हणूनच शिक्षक संघटनांशी बोलणे आपण टाळू नये.

आता अभ्यासक्रम. यावर प्राध्यापकांनी बोलावे हे खरे, पण मी थोडे बोलतो. गणित कच्चे म्हणून मुले गळतात, आणि इकडे आपल्या घराघरांत गणित पडलेले आहे. ट्रॅकमनला १६७६ मिलिमीटर गेज तोंडपाठ असते. वळण तपासताना तो वीस मीटरची दोरी धरून मध्यावरचे अंतर मोजतो, ती वर्तुळाची भूमितीच आहे. त्या ट्रॅकमनला तासभर वर्गात बोलवा आणि दोरी आणायला सांगा. पोरांना जीवा आणि त्रिज्या कायमची समजेल. टपालाच्या बाजूला पाहा. १९७२ साली पिन कोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या डोक्यातून. १२१००१ म्हटले की सॉर्टर पहिल्या आकड्यावरून विभाग, दोन आकड्यांवरून हरियाणा, तिसऱ्यावर फरीदाबाद ओळखतो. कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये माहितीचे वर्गीकरण म्हणून जे शिकवतात ते आर.एम.एस.मधल्या माणसाने आयुष्यभर खोक्यांसमोर उभे राहून केलेले आहे. कौशल्याचे साठ टक्के शिकवायला उद्योगातली माणसे घ्यावीत असे योजनाच म्हणते. मग निवृत्त लोको इन्स्पेक्टर, सिग्नल मेंटेनर, पोस्ट ऑफिसमधली जुनी माणसे का नकोत? सामंजस्य करार कारखान्याच्या मालकाशी होतात. कामगारांच्या संघटनेला कुणी विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही कधी दार ठोठावलेले नाही.

बदलीवाल्यांसाठी एक गोष्ट. २०२१ पासून क्रेडिटची बँक झाली आहे. मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत तिथे जमा राहते. भुसावळहून इकडे बदलून आलेल्याच्या मुलीचे वर्ष वाया जाऊ नये ही त्यामागची कल्पना. मात्र क्रेडिट जमा असले तरी नव्या कॉलेजात तोच कोर्स हवा, आणि त्यांनी ते मान्य करायला हवे. बदलीचा आदेश हातात पडला की घर शोधायच्या आधी मुलीच्या खात्यात क्रेडिट चढले आहे का ते तपासा.

आणि तुम्ही स्वतः? तुमच्यापैकी कितीतरी जण विभागीय परीक्षेच्या तयारीत आहेत. ग्रामीण डाकसेवकाला पोस्टमन व्हायचे आहे, ट्रॅकमनला वर जायचे आहे. पगारी शैक्षणिक रजेचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९७४ चा आहे, क्रमांक १४०. भारताने तो मान्य केलेला नाही. याच कॉलेजांनी संध्याकाळी आणि रविवारी वर्ग ठेवले तर बाप आणि मुलगा दोघेही एका बाकावर बसतील. हसू नका, सिद्धार्थ कॉलेजच्या काळात असे कारकून आणि हमाल शिकलेच ना!

माझा वेळ संपत आला आहे, अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत. कामाचे बोलतो. फरीदाबाद, बल्लभगड आणि पलवलच्या शाखांनी जेवणानंतर एकत्र बसावे. तुमच्या वस्तीतली किती मुले या कोर्सना दाखल झाली आणि त्यातली किती आज वर्गात आहेत, याची यादी पंधरा दिवसांत तयार करा. मुलाचे नाव जाहीर करायचे नाही, फक्त कोर्स, सोडल्याचा महिना आणि कारण. कारण बापाला विचारू नका, मुलाला विचारा. सोबत शेवटची ई.एम.यू. किती वाजता सुटते आणि शेवटचा तास किती वाजता संपतो ते लिहा. ही यादी घेऊन आपण प्राचार्यांची वेळ मागू. पोस्टमन बंधूंना घर शोधायला अडचण येऊ नये. शिफ्टवाल्यांनी आपली ड्यूटी सांभाळून घरे वाटून घ्यावीत. यादीचा कोरा तक्ता दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, प्रत्येक शाखेने दोन प्रती उचलाव्यात.